पंडिता रमाबाईंचे उघडे दार

१८८५च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमहून वाँटेजच्या मठाकडे एक पत्र गेले. लिहिणारी सत्तावीस वर्षांची मराठी विधवा होती आणि तिच्या पदरी चार वर्षांची मुलगी होती. अंगावरचे कपडे सोडले तर बाकी बहुतेक गोष्टींसाठी ती मठातल्या भगिनींच्या आधारावर होती. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, तिने मुलीसह वाँटेजलाच बाप्तिस्मा घेतला होता. पत्र होते सिस्टर जेराल्डीन यांना. ख्रिस्ती धर्मात या बाईचे बोट धरणाऱ्या त्याच. रमाबाई आणि छोटी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

आजीबाईंना त्या पत्रात जे ऐकावे लागले ते एखाद्या खाष्ट सुनेने सासूलाही ऐकवले नसते. भटाभिक्षुकांचे जोखड आपण मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्या कुणाचा हुकूम देवाचा हुकूम समजून तेच जोखड पुन्हा घ्यायची आपली तयारी नाही, असा पत्राचा मथितार्थ. देवाने सदसद्विवेकबुद्धी दिली ती वापरण्यासाठी. ख्रिस्ताला शरण जाणे वेगळे आणि चर्चच्या अधिकाऱ्यांना शरण जाणे वेगळे.

भांडणाची निमित्ते बरीच होती. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्या मनात रमाबाईंनी तरुण मुलग्यांनाही शिकवावे असे होते. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांना ते रुचले नाही. हिंदुस्थानात हे कळले तर बाईंची पत जाईल, असे त्यांचे म्हणणे. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये बोलून आलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे कमालच. मग त्रैक्याचा वाद निघाला. अथानासियसच्या मतांगीकारातला, न मानणाऱ्यांना नरकात धाडणारा भाग आपल्याला पटत नाही, असे त्यांनी सरळ कळवले. क्रूस घालायचा तर त्यावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळते का, संस्कृत का नको, हाही प्रश्न झाला. आणि जेवणाचे तर विचारूच नका. ख्रिस्ती झाल्या तरी रमाबाई शाकाहारी राहिल्या, त्या मरेपर्यंत.

आजीबाईंचेही एक मोठेपण आहे. आपल्याला खडे बोल सुनावणारी ही पत्रे त्यांनी जपली आणि त्यांचे संकलन केले. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ए. बी. शहांच्या संपादनाखाली ती छापली. ज्यांना रमाबाई फक्त शालेय पुस्तकातल्या धड्यातून ठाऊक आहेत त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात हा खंड दिसला तर सोडू नये.

ख्रिस्ती मंडळींत ‘पाचारण’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. पाळकाला पाचारण असते, नर्सला असते, शाळामास्तरणीला असते. पौलाने कैदेत असताना इफिसच्या मंडळीला लिहिले की बोलावणे आले आहे तर त्याला शोभेसे वागा. या वचनावर वर्षाला शेकडो प्रवचने होत असतील. बहुतेक प्रवचनांतून निघणारे तात्पर्य एकच: नम्र राहा, ऐकून घ्या, मंडळीत फूट पाडू नका. रमाबाईंचे आयुष्य या चौकटीत बसवायला गेले की पंचाईत होते. त्यांच्याइतकी निष्ठा मराठी ख्रिस्ती इतिहासात क्वचितच कुणी दाखवली असेल, आणि त्यांच्याइतका अवज्ञेचा वाटाही क्वचितच कुणी उचलला असेल. सुधारकांनी त्यांच्यातली बंडखोर उचलून घेतली आणि पुढे जिथे त्यांनी निराधार बायकांचे काम उभे केले ते केडगाव अवघडल्या मनाने बाजूला ठेवले. चर्चने केडगावची संत उचलली आणि चेल्टनहॅमची पत्रे कपाटात ठेवली. माझ्या मते दोघांनीही अर्धीच बाई पाहिली.

त्यांना बोलावणे नेमके कधी आले? बाप्तिस्म्याची तारीख देऊन हा प्रश्न सुटत नाही. १८९७ साली, मध्य प्रांतातला दुष्काळ पाहून आल्यावर, त्यांनी स्वतःच्या घरावर आलेल्या दुष्काळाची हकीकत एका छोट्या इंग्रजी पुस्तिकेत सांगितली. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात ते राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कुटुंबाचे सगळे आयुष्य तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांत गेले. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा गाठीचे पैसे संपले, भांडी गेली, दागिने गेले, आणि अन्नाच्या नावाने झाडाचा पाला उरला. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. जाण्यापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि सांगितले की तुला मी देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर.

हा देव कुठल्या धर्माचा? शास्त्रीबोवांच्या मनात अर्थातच विष्णू. मुलगी मात्र ते वाक्य घेऊन हजारो मैल चालली आणि ख्रिस्तापाशी पोचली. ख्रिस्ती झाल्यावरही तिने वडिलांचे म्हणणे टाकले नाही. उलट आपण ते पाळतो आहोत अशीच तिची धारणा होती. रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा करताना पुण्यातल्या टीकाकारांनी त्यात बापाशी द्रोह पाहिला. त्यांनी ही पुस्तिका वाचायला हवी होती.

मधला प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून झरझर सांगतो. १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. भावाचा मृत्यू. बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी विवाह. सिल्चरच्या संसारात नवऱ्याच्या पुस्तकांत सापडलेले लूकचे बंगाली शुभवर्तमान. १८८२मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला तेव्हा मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे बायकांना डॉक्टर करा म्हणून साक्ष. ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक विकून त्यांनी विलायतेच्या खर्चाची सोय केली. जायचे होते वैद्यक शिकायला, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत बारगळला.

इंग्लंडमध्ये मन वळले ते कुणाच्या युक्तिवादाने जेवढे, तेवढेच लंडनमधल्या फुलम भागातल्या एका घराने. मठाच्या भगिनी तिथे ‘वाट चुकलेल्या’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळत. शास्त्रांत अशा बाईला काय शिक्षा सांगितली आहे ते रमाबाईंना तोंडपाठ होते. इथे त्याच बायकांना कुणीतरी प्रेमाने वाढत होते, शिकवत होते. हे असे का, असे त्यांनी विचारल्यावर एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्यासारख्या पंडिताची पत्रे कामी आलीच, पण रमाबाईंचा ख्रिस्त तर्कशास्त्रातून आलेला नव्हता. पुढे केडगावला ‘कृपा सदन’ उभे राहिले त्याचे मूळ फुलममध्ये आहे.

या बाप्तिस्म्यावरून पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू घेतली.

आता खरी गोष्ट. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह, पैसा अमेरिकेचा. रमाबाईंनी अमेरिकेत फिरून, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी केली होती आणि तिने दहा वर्षे मदत करायचे कबूल केले होते. अट अशी की शाळेत धर्मशिक्षण नाही. ज्या मुलीला जे सोवळेओवळे पाळायचे ते तिने पाळावे. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. ‘माझे पुराण’ लिहिणाऱ्या बाया कर्वे त्या याच. सदनात शिकून त्या हिंदूच राहिल्या, ही नोंद विसरू नये.

१८९०मध्ये सदन पुण्यात आले आणि दाराचा वाद पेटला. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावत नसत. एखादी मुलगी येऊन उंबऱ्याशी उभी राही, दुसरी आत येऊन बसे. आईविना आलेल्या, केस कापलेल्या, घरच्यांनी अपशकुनी ठरवलेल्या पोरी त्या. ज्या बाईने त्यांना ‘बाळ’ म्हणून जवळ घेतले तिच्या खोलीत त्यांचे पाय वळणारच. बातमी पालकांपर्यंत गेली, ‘केसरी’त टीकेची झोड उठली. सल्लागारांनी सुचवले: बाई, तुम्ही खुशाल प्रार्थना करा, पण दार लावून करा.

रमाबाईंनी दार लावले नाही.

१८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. बोस्टनने रमाबाईंची बाजू उचलून धरली आणि सदन टिकले.

या प्रसंगावर आपल्याकडे पक्ष आधीच ठरलेले असतात. एकाला त्यात मिशनरी कावा दिसतो, दुसऱ्याला सनातन्यांची असहिष्णुता. मला रानड्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे वाटत नाही. ज्याच्या ताटात आपण जेवतो त्याच्या खोलीचे दार उघडे असणे हे शेजाऱ्याचे दार उघडे असण्यासारखे नसते. दुबळ्याच्या खुशीत किती खुशी आणि किती मिंधेपण, हे सांगणे अवघड. आणि अट तर मान्य केलेली होती. पण रमाबाईंच्या बाजूने पाहू गेले तर वर्गात त्यांनी बायबल आणले नव्हते. मुलींना पूजाअर्चा करायला त्यांनी आडकाठी केली नव्हती. मागणी होती ती त्यांनी स्वतः, स्वतःच्या खोलीत, आपला धर्म दडवण्याची. वाँटेजच्या मठाला ज्या बाईने ‘तुम्ही सांगता तसे मानणार नाही’ म्हटले तीच पुण्यात ‘तुम्ही सांगता तसे लपवणार नाही’ म्हणत होती. विलायती बिशपांपुढे ही ताठ मान आपल्याला कौतुकाची वाटते आणि पुण्यातल्या रावसाहेबांपुढे खुपते, तर दोष आपल्या मापात आहे.

दरम्यान त्यांच्या मनात आणखी एक उलथापालथ झाली होती. पुढे दिलेल्या साक्षीत त्या म्हणतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला आणि ख्रिस्त नंतर. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१च्या सुमारास, एका ब्रिटिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना त्यांना उमगले की आपण मते स्वीकारली, पण स्वतःला सोपवले नाही. तर्काने जगलेल्या या बाईचे पुढचे आयुष्य भक्तिमार्गाकडे झुकले, ते इथून. त्रैक्यावर आजीबाईंशी हुज्जत घालणाऱ्या रमाबाई नंतर बऱ्याच पारंपरिक श्रद्धा मानू लागल्या. त्यांच्या आधुनिक चाहत्यांना हे वळण आवडत नाही. पण ते त्यांनी स्वतःहून घेतले. आजीबाईंच्या सांगण्याने घेतले असते तर १८८५मध्येच घेतले असते.

केडगावला जायचे तर पुण्याहून दौंड शटल बरी. (नगरजवळही एक केडगाव आहे. गुगलच्या नकाशावर विसंबून तिकडे पोचलेली माणसे मला माहीत आहेत.) लोणी, उरुळी, यवत, खुटबाव मागे पडतात. दोन्ही बाजूंना ऊस, अधूनमधून गुऱ्हाळाचा धूर आणि उकळत्या काकवीचा वास. कालव्याने हा मुलूख हिरवा केला आहे. रमाबाईंनी इथे जमीन घेतली तेव्हा हिशेब साधा होता. बोस्टनचा दहा वर्षांचा वायदा १८९८मध्ये संपणार, तर त्याआधी फळबाग लावून सदनाला स्वतःचे उत्पन्न करावे. सुमारे शंभर एकर जमीन, रेल्वेच्या जवळ, पण पाणी नाही. मग विहिरी खणल्या.

बाग फळाला येण्याआधीच माणसे आली. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांभोवती काय चालते, एकट्या पोरींना कोण उचलून नेते, हे त्यांनी पाहिले. स्वतः त्या वयात त्यातून गेलेल्या असल्यामुळे त्यांना ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, सदनात नव्या मुली घ्यायची सोय नव्हती. सगळा लोंढा केडगावच्या माळावर उतरला. आधी तंबू, झोपड्या, मग इमारती. या वस्तीचे नाव पडले ‘मुक्ती’. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. पहाटे जात्यांची घरघर, दळणाचा ढीग, भाकऱ्यांच्या चळती, पाणी शेंदण्याच्या पाळ्या. खरूज, गोवर, आणि दुष्काळात आतडी आटलेल्या पोरांना एकदम जेवू घातले तर ती दगावतात ही धास्ती. विणकाम, शिवण, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, शेती, छापखाना असे उद्योग मुक्तीत उभे राहिले ते काही प्रदर्शनात मांडण्यासाठी नव्हे. एवढ्या माणसांना दुसरा मार्गच नव्हता. अंध बायकांसाठी बार्तिमी सदन झाले आणि तिथे ब्रेल शिकवली जाऊ लागली. शारदा सदनात जात पाहून प्रवेश होता. इथे कुणबी, महार, मांग, भिल्ल, ब्राह्मण एका पंगतीत आल्या. उच्चवर्णीय विधवेचा प्रश्न घेऊन निघालेली बाई दुष्काळाने सगळ्या बायकांपर्यंत आणून सोडली. रमाबाईंच्या कामातला सर्वांत मोठा पल्ला मला हाच वाटतो, आणि त्यावर सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

सरकारची मर्जी सांभाळणे त्यांना तेव्हाही जमले नाही. १८९७मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी परवड चालली होती तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि गव्हर्नरच्या कारभारावर ठपका ठेवला. गोऱ्या साहेबाचे मीठ खाल्लेली बाई म्हणून त्यांना हिणवणारे त्या वेळी काय म्हणाले असतील कोण जाणे.

मुक्तीबद्दलचा अवघड प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नाही. दुष्काळातून आणलेल्या या मुली वाढल्या त्या ख्रिस्ती वातावरणात आणि मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. इथे उघड्या दाराचा युक्तिवाद पुरत नाही, कारण इथे दुसरे दारच नव्हते. पोटची भूक आणि प्रार्थनेची घंटा एकाच अंगणात होती. रमाबाईंना यात काही खटकल्याचे त्यांच्या लिखाणात मला कुठे दिसले नाही. आपल्याला जे सर्वांत मौल्यवान वाटते ते लेकरांना द्यायचे नाही, ही कल्पनाच त्यांना कळली नसती. हा आईचा न्याय आहे. संस्थेच्या प्रमुखाला तो तसाच्या तसा लागू होतो का, याबद्दल माझे मन साशंक आहे. मात्र त्या मुलींना उचलायला मध्य प्रांताच्या रस्त्यांवर तेव्हा फारसे कुणी गेले नव्हते, हेही त्याच पानावर लिहावे लागते.

१९०५च्या जूनमध्ये मुक्तीत आत्मिक जागृती झाली. मुली रात्र रात्र रडत, हसत, अनोळखी भाषांत प्रार्थना करीत. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव त्यामुळे आहे. त्या विषयात मला गती नाही.

पैशाचे काय? रमाबाईंनी पगार कुठल्या मिशनचा घेतला नाही, संस्था कुठल्याही एका चर्चपंथाला बांधली नाही. देणग्या आल्या तशा खर्चल्या. त्याच पिढीतले नारायण वामन टिळक याच प्रश्नाशी वेगळ्या रीतीने भिडत होते. १० फेब्रुवारी १८९५ला बाप्तिस्मा घेतल्यावर बावीस वर्षे त्यांनी नगरला अमेरिकन मिशनची चाकरी केली आणि १९१७मध्ये पगारावर पाणी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परक्या संस्थेचे ऋण वागवत आपल्या माणसांना ख्रिस्त दाखवता येत नाही, हे त्यांचे मत उतारवयात पक्के झाले. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ला, ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली म्हणून टिळकांचे घर आपल्याला आतून दिसते. रमाबाईंना तशी लक्ष्मीबाई मिळाली नाही. टिळकांचेच चिरंजीव देवदत्त यांनी १९६०मध्ये रमाबाईंचे मराठी चरित्र लिहिले, हा एक धागा मात्र दोन घरांना जोडतो.

आणि आता बायबल. पन्नाशीकडे झुकलेल्या, जवळजवळ बहिऱ्या झालेल्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मूळ भाषांवरून एकटीने मराठीत आणायला घ्यावे, हा वेडेपणाच. मराठीत बायबल नव्हते असे नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॅरींपासून एकोणिसाव्या शतकभर भाषांतरे होत होती, पंडित मदतीला होते. पण ती मराठी शिकलेल्यांची होती. मुक्तीत नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या बाईला ती जड जाई. शिवाय रमाबाईंचा आणखी एक आक्षेप होता. त्या भाषांतरांतले बरेच शब्द हिंदू शास्त्रपुराणांतून उचललेले, तिथल्या अर्थाने भारलेले. ते अर्थ कुठून कुठे नेतात हे पुराणिकाच्या या लेकीइतके मिशनऱ्यांना कसे कळणार? भागवत मुखोद्गत असलेली बाई मोठ्या निग्रहाने संस्कृत शब्द खोडत बसली. काम सोळा-सतरा वर्षे चालले.

ते छापले गेले मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांच्या हातांनी. ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिलेला नाही त्यांना यातले कष्ट कळायचे नाहीत. देवनागरीची केस इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी. काने, वेलांट्या, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, प्रत्येकाचे घर वेगळे. जुळारी उभा राहून एका हातात स्टिक धरतो आणि दुसऱ्या हाताने खिळे न पाहता उचलतो. अक्षर असते उलटे, आरशातल्यासारखे. ओळ भरली की गॅलीत, गॅली बांधली की कच्चे प्रूफ, त्यावर दुरुस्त्या, मग एकेक खिळा चिमट्याने काढून बदलायचा. पान छापून झाले की सगळे खिळे पुन्हा आपापल्या घरात सोडायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच लागणार. पुण्यातल्या एका जुन्या जुळाऱ्याला मी विचारले की बायबलएवढे पुस्तक हाताने जुळवायचे तर कसे? ते हसले. म्हणाले, “जुळवायचं सोपं असतं हो. सोडायला जीव जातो.” हे काम केले ते काही वर्षांपूर्वी दुष्काळातून आलेल्या, ‘ग’चा ‘म’ न कळणाऱ्या पोरींनी. जुळवणी, छपाई, बांधणी, सगळे. पाचारण म्हणून जे काही असेल ते मला रमाबाईंच्या जागरणांपेक्षा या केसपुढच्या उभ्या राहण्यात जास्त दिसते.

रमाबाई प्रुफे स्वतः तपासत. १९१९मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले, त्याने त्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही. मुक्तीचा पुढचा भार मनोरमेने उचलायचा हे ठरलेलेच होते. इंग्लंड-अमेरिकेत शिकून ती परतली होती, मुक्तीची शाळा तिने हाती घेतली होती, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढण्यात तिचा हात होता. वाँटेजला तिला काय शिकवावे यावरून आई आणि आजीबाई भांडल्या होत्या. मोठेपणी ती काय झाली असती, आईच्या कामाबाहेर तिला काही हवे होते का, हे विचारायला कुणाला सवड झाली नसावी. मोठ्या कामाला वाहून घेतलेल्या माणसांच्या मुलांकडून आपण किती सहज सगळे गृहीत धरतो. २४ जुलै १९२१ला, चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेली.

रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत, पण तेवढ्यात त्यांनी उरलेली प्रुफे संपवली. ती संपेपर्यंत आयुष्य दे असे त्यांनी देवाकडे मागितले होते, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२च्या पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. संपूर्ण बायबल बाहेर पडले ते १९२४मध्ये.

त्याचे पुढे काय झाले? मराठी मंडळ्यांनी ते उपासनेत घेतले नाही. बायबल सोसायटीचे भाषांतर कानाला सवयीचे होते, तेच राहिले. जाणकारांना रमाबाईंची रचना कुठे कुठे ओढाताणीची वाटते, आणि मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या हट्टाने वाक्य अडखळते, हे मलाही वाचताना जाणवले. सोपेपणा आणि काटेकोरपणा ही दोन्ही व्रते एकाच वेळी पाळायची म्हटल्यावर असे होणारच. ज्यांच्यासाठी केले त्यांच्या हाती ते पोचले, निदान मुक्तीच्या आवारात. बाहेर संशोधक त्याच्या प्रती शोधत फिरतात.

मुक्ती मिशन केडगावात अजून आहे. शाळा आहे, चर्च आहे, निराधार बायका आणि मुले आहेत. स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला “मिशनात” एवढे म्हटले की पुरते. कुठल्या मिशनात, असे तो विचारत नाही.